अहवालाचे गिऱ्हाईक

मुळशीच्या धरणाला आजच्या मोजपट्ट्या लावल्या तर ते विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण होईल. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवायचा, तो सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचा आणि त्या उतारावर जनित्रे फिरवायची. भिऱ्याचे केंद्र १९२७ साली सुरू झाले. युनिटमागे किती कार्बन हवेत गेला एवढाच हिशोब मांडला, तर हल्लीचे कित्येक 'हरित' प्रकल्प त्याच्यापुढे फिके पडतील. तरीही १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळातले शेतकरी या धरणाच्या कामावर चालून गेले आणि त्यांनी ते बंद पाडले. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना. जमीन जाणार होती भात पिकवणाऱ्या मावळ्यांची. आणि भीमेच्या खोऱ्यात पूर्वेला वाहायचे पाणी पश्चिमेला वळणार होते. ते आजही वळते आहे. दुष्काळ पडला की खाली सोलापूरच्या बाजूला त्या पाण्याची आठवण निघतेच.

शाश्वत ऊर्जा आणि पर्यावरण व्यवस्थापन या विषयात एम.एस्सी., एम.टेक. किंवा एमबीए करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मुळशी ठेवली तर तो काय करील? कार्बनचा हिशोब तो चोख मांडेल. सौर प्रकल्पाचे उत्पादन संगणकावर तासातासाने काढणे, उपग्रहाच्या चित्रावरून जमीन-वापराचा नकाशा करणे, एखाद्या वस्तूच्या जन्मापासून भंगारापर्यंतचा ऊर्जाखर्च मोजणे, हे सारे त्याला येते, आणि ही कौशल्ये हलकी नाहीत. पण बुडणारे शेत कोणाच्या नावावर होते आणि कसत कोण होते, मोबदला ठरवताना सातबाऱ्यावर नाव नसलेल्याचे काय झाले, वळवलेल्या पाण्यावर खालच्यांचा हक्क होता की नव्हता, हे प्रश्न त्याच्या अभ्यासक्रमात बहुधा 'सामाजिक पैलू' नावाच्या एका घटकात, सत्र संपता संपता, घाईने उरकले जातात. दोष विद्यार्थ्याचा नाही, आणि माझ्या मते प्राध्यापकाचाही फारसा नाही. या विषयाचा अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवते असे कागदावर असते. प्रत्यक्षात तो ठरवतो अहवालाचे पैसे देणारा.

हा विषय आपल्याकडे वाढला तो कायद्यांच्या मागे मागे. १९९४ साली पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आली, २००६ साली तिची सुधारित आवृत्ती आली आणि मूल्यांकनाचे अहवाल लिहिणाऱ्यांची गरज निर्माण झाली. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठ्या कारखान्यांना ऊर्जा लेखापरीक्षण लावून दिले. मग प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकांची परीक्षा आली आणि तिच्या तयारीचे वर्गही आले. सेबीने २०२२-२३ पासून सूचीबद्ध असलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल बंधनकारक केला, तशी 'ईएसजी'ची नोकरी निघाली आणि पाठोपाठ अभ्यासक्रम. प्रत्येक कायद्याने एक अहवाल मागितला, अहवालाला लिहिणारा हवा होता, आणि तो पुरवायला विद्यापीठे पुढे आली. यात लाजण्यासारखे काही नाही. वैद्यक आणि वकिलीही अशाच समाजाच्या मागणीतून वाढल्या.

फरक एवढाच की डॉक्टरला पैसे रोगी देतो. इथे ज्याच्यामुळे रोग होण्याची शक्यता आहे तोच तपासणीचे पैसे देतो. प्रकल्प करणारी कंपनी सल्लागार संस्था निवडते, तिचे बिल भागवते आणि तिच्याच अहवालावर सरकार मंजुरी द्यायची की नाही ते ठरवते. सल्लागारांना मान्यता घेण्याची सक्ती गेल्या दशकभरापेक्षा जास्त काळ आहे, त्याने दर्जा थोडा सुधारलाही असेल. पण चेक कोणाचा, ते बदललेले नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे जसेच्या तसे निघाले, ही गोष्ट जुनी आणि या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असलेली. लोक ती हसत हसत सांगतात. मला तिच्यात हसण्यापेक्षा विचार करण्यासारखे जास्त दिसते. ज्याने उतारे चिकटवले त्याच्या डोळ्यांसमोर वाचणारा कोणीच नव्हता. ठरलेली प्रकरणे ठरलेल्या जागी असली की झाले, अशी त्याची खात्री होती, आणि ती अनुभवातून आलेली असणार.

एक तपशील जवळून पाहण्यासारखा आहे. अशा अहवालासाठी परिसराची मूळ स्थिती मोजतात ती बहुतेक वेळा एका हंगामाची, आणि तीही पावसाळा वगळून. कारण तर्कशुद्ध आहे: पावसात धूळ खाली बसते, हवा स्वच्छ दिसते, म्हणून प्रदूषण मोजायला कोरडा हंगाम बरा. पण तोच नियम घेऊन कोकणातल्या सड्यावर जा. मे महिन्यात तिथे काळा-तांबडा जांभा तापलेला असतो, पायाखाली वाळकी काडी मोडते आणि नजर जाईल तिथवर कातळ. नोंदवहीत लिहायला सोपे: उघडा खडक, विरळ गवत. पहिल्या सरी पडून गेल्या की त्याच कातळाच्या खोबणीत बोटभर माती ओली होते आणि दीपकाडी पांढरी फुलते, पुढे सीतेची आसवे जांभळी पसरतात, डबक्यांतून बेडूक ओरडू लागतात. हे सारे दोन-तीन महिन्यांत उरकते. फेब्रुवारी ते मे आलेल्या पथकाला ते दिसणारच नाही. गावातल्या कुठल्याही गुराख्याला हे ठाऊक असते. पदवीधर पोरालाही ठाऊक असते. वनस्पतिशास्त्राच्या सहलीला तो ऑगस्टमध्ये इथेच आलेला असतो. पण कामाची मुदत मे अखेरची असते.

मग जनसुनावणी. गावच्या शाळेच्या मैदानावर मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत पोलीस, व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी. सल्लागाराचा तरुण प्रतिनिधी पडद्यावर आकडे दाखवतो. मागून कोणीतरी उठून विचारतो, 'साहेब, सुरुंग लागले की आमच्या विहिरीचं पाणी जाईल का राहील?' याचे उत्तर पडद्यावर नसते. पडद्यावर असते 'परिणाम नगण्य' आणि हरितपट्ट्यात लावायच्या झाडांची संख्या. त्या तरुणाने भूजलाचा पेपर दिलेला असतो, गुणही चांगले असतात. पण विहीर गावाची आणि पगार कंपनीचा.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर माझा युक्तिवाद एकांगी होईल. ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम आपल्याकडे बरेच चांगले झाले. बॉयलरची उष्णता वाया जाते, दाबाखालची हवा नळ्यांतून गळते, मोटार गरजेपेक्षा मोठी बसवलेली असते. हे शोधणारा लेखापरीक्षक कारखान्याचे बिल कमी करतो आणि त्याच वेळी देशाचा कोळसाही वाचवतो. इथे पैसे देणाऱ्याचे हित आणि सगळ्यांचे हित एकाच दिशेला आहे, म्हणून या विद्येला फळ येते. जिथे ही दोन हिते फाटतात तिथे तीच विद्या मुकी होते. अभ्यासक्रमात मात्र दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी, एकाच सुरात शिकवले जातात, जणू दोन्हीकडे फक्त तंत्र नीट आले म्हणजे भागले.

ही फाट सध्या सर्वांत रुंद आहे ती गायरानांवर. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत, त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरला. योजना मला मनापासून चांगली वाटते, हे आधी सांगतो. ज्याने रात्रीच्या लाईटीची पाळी भोगली आहे, दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला ओढ्याच्या कडेने गेला आहे, साप आणि बिबट्याची धास्ती घेतली आहे, त्याला दिवसा आठ तास वीज म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. पण एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. खासगी जमीन भाड्याने घ्यायची तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये; सरकारी जमीन मात्र नाममात्र दरात. मग नजर गायरानावर जाते. गायरान कागदावर सरकारचे आणि शेरा पडीक. प्रत्यक्षात तिथे गावातली जनावरे चरतात, धनगरांचे कळप उतरतात, आणि मराठवाड्यात कितीतरी भूमिहीन दलित कुटुंबे तिथे पिढ्यान्पिढ्या ज्वारी-बाजरी पेरत आली आहेत. १९५९ आणि १९६४ चे दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह याच जमिनींसाठी होते. माळरानाचे स्वतःचे जगही आहे: लांडगा, खोकड, धाविक, आणि सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य असूनही जवळजवळ दिसेनासा झालेला माळढोक.

आणि सौर प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागतच नाही. स्वच्छ ऊर्जा लवकर वाढावी हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा की इथे वाईट अहवालसुद्धा लिहिला जात नाही. चराईचा हिशोब, कसणाऱ्याचा हिशोब, लांडग्याचा हिशोब, काहीच नाही. कायद्याने अहवाल मागितला नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून पेपर नाही. ऊर्जेच्या विद्यार्थ्याने त्या चार-पाच एकरांवर किती पॅनेल बसतील ते काढायचे, पर्यावरणाच्या विद्यार्थ्याने माळरानाची परिसंस्था शिकायची, आणि दोघांच्या वह्या एकमेकांसमोर कधीच उघडायच्या नाहीत, असे चालले आहे. ऊर्जा आणि पर्यावरण एका पदवीत आणण्याचा काही उपयोग असेल तर तो इथे व्हायला हवा होता. महाराष्ट्राची मुळशी आज अशा शेकडो लहान तुकड्यांत विखुरलेली आहे, आणि तिच्यासाठी कोणी सेनापती उभा राहील इतका एकेक तुकडा मोठा नाही.

यावर सरळ आक्षेप येतो: विद्यापीठ म्हणजे चळवळीची शाखा नव्हे. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला पंचविशीत पगार हवा. जळगाव, कोल्हापूर, पुणे इथल्या विद्यापीठांत पर्यावरणशास्त्राचे विभाग आहेत, आणि तिथली मुले श्रीमंताघरची नसतात. त्यांनी ईएसजीची नोकरी धरली तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? मलाही नाही. पण हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. कारण प्रश्न मुलांच्या नीतीचा नाही, दुसरा मालक का नाही याचा आहे.

पर्यावरण शिक्षणाचेच पाहा. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सर्व स्तरांवर शिकवायचा आदेश दिला. पुढे पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा पेपर आला. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या एराक भरुचांनी लिहिले आणि ते चांगले आहे. पण शिकवणार कोण? महाविद्यालयांनी तो पेपर ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्या गळ्यात घातला, कधी भूगोलाच्या, कधी वनस्पतिशास्त्राच्या, कधी चक्क मराठीच्या प्राध्यापकाच्या. नाहीतर तासिका तत्त्वावर कोणीतरी येऊन उरकून गेला. मुलांनी वरच्या वर्गाचे प्रकल्प उतरवून काढले, नदीप्रदूषणाचा तर हमखास. पर्यावरणशास्त्राचे एम.एस्सी. आणि नेट झालेले पोर त्याच गावात एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसून इतिहासाच्या सनावळ्या पाठ करत होते. न्यायालयाने विषय दिला, सरकारने पद दिले नाही. राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांत रिक्त जागांची रड तर कायमचीच.

जर्मनीत ही विद्या शिकायला आपली बरीच मुले जातात. ओल्डेनबुर्गच्या विद्यापीठात अक्षय ऊर्जेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८७ पासून आहे. तिथल्या प्रयोगशाळांचे कौतुक आपण ऐकतो. त्या देशात वीज, पाणी, उष्णता पुरवणाऱ्या शेकडो नगरपालिकांच्या मालकीच्या कंपन्या आहेत आणि त्यांना असे पदवीधर लागतात, हे कौतुकात येत नाही. तिथे नगर हाच एक मालक आहे. आपण अभ्यासक्रमाचा आराखडा उचलतो आणि हा मालक तिकडेच ठेवून येतो.

दुसरे गिऱ्हाईक मिळाले की हीच विद्या काय करते, याचे मराठी उदाहरण आहे. गिरीश संत आयआयटी मुंबईत ऊर्जेचे शिक्षण घेतलेले. १९९० च्या दशकात त्यांनी आणि पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी एन्रॉन कंपनीचा राज्य वीज मंडळाशी झालेला वीजखरेदी करार तपासला. त्या वेळी बाजूने आणि विरोधात घोषणांचा पाऊस पडत होता. यांनी कराराची कलमे घेतली आणि गणित मांडले: वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागणार, दर डॉलरला बांधलेला, तेव्हा मंडळाच्या गळ्याला किती फास बसेल? २००१ साली मंडळाने ती वीज घेणे थांबवले तेव्हा हे गणित कोणाला अतिशयोक्तीचे वाटले नाही. मला याहून मोठे वाटते ते शेतीपंपांचे काम. पंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर. त्यामुळे 'शेतीने वापरली' या एका ओळीखाली गळती आणि चोरी दडवता येत होती. १९९९ साली वीज नियामक आयोग आला, आकडे जाहीर सुनावणीत आले, 'प्रयास'सारख्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि वीस टक्क्यांच्या आत दाखवली जाणारी गळती तिशीच्या वर निघाली. शेतकऱ्याच्या नावावर खपवलेली वीज शेतकऱ्याने वापरलीच नव्हती. यासाठी कुठलेही परदेशी सॉफ्टवेअर लागले नाही. पंपाची अश्वशक्ती, चालल्याचे तास आणि 'कोणासाठी मोजतो आहोत' याची स्पष्ट जाण, एवढे पुरले.

कर्नाटकात अमूल्य रेड्डी यांनी हेच वेगळ्या रीतीने केले. ते विद्युत-रसायनशास्त्रज्ञ, १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभा केला. तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या लहानशा गावात गटाने सरपण, पाणी, शेण, माणसांचे आणि बैलांचे श्रम मोजले. योजना होती सामुदायिक गोबरगॅसवर स्वयंपाक करण्याची. शेण पुरेना. पुढे त्या गॅसवर इंजिन चालवून वीज केली, ती कूपनलिकेवरच्या पंपाला आणि घरोघरच्या दिव्यांना दिली, आणि ते चालले. अभियंत्यांच्या दृष्टीने चूल पहिली होती, गावाच्या दृष्टीने पाणी. हा उलगडा प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात होत नसतो, त्यासाठी गावात राहावे लागते. आयआयटी मुंबईतले 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून अशाच वळणाचे काम करते आणि आपल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना काही आठवडे खेड्यात मुक्कामाला धाडते. पण बाकी ठिकाणी अपवादाचे नियमात रूपांतर झालेले नाही.

तेव्हा माझी मागणी नव्या अभ्यासक्रमांची नाही. ते पुरेसे आहेत. मूल्यांकनाचे शुल्क कंपनीने सरकारी निधीत भरावे आणि सल्लागार त्या निधीतून, चिठ्ठी टाकून नेमावा, ही सूचना जुनीच आहे. ती अमलात आली तर अर्ध्या अभ्यासक्रमांची भाषा एका रात्रीत बदलेल. जिल्हा परिषदेत आणि महावितरणच्या विभागीय कार्यालयांत या शाखेच्या पदवीधरांसाठी पदे हवीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१९ च्या आदेशानंतर जिल्ह्याजिल्ह्याचे पर्यावरण आराखडे तयार झाले आहेत. ते वाचून, वर्षभर मागे लागून राबवणारा माणूस जिल्ह्यात असायला नको का?

ही पदे निघेपर्यंत विद्यापीठांनी हात बांधून बसायचेही कारण नाही. महावितरणची दराची याचिका वीज नियामक आयोगाकडे जाते, ती सगळ्यांना वाचायला खुली असते आणि तिच्यावर कोणाही ग्राहकाला लेखी हरकत घेता येते. चौथ्या सत्राचा प्रकल्प म्हणून विद्यार्थ्याने एक तालुका घ्यावा, तिथल्या शेतीच्या फीडरवर किती वीज गेली, किती पंप खरोखर चालले, सौर प्रकल्पासाठी कुठले गायरान दिले आणि तिथे आधी कोण चरत-कसत होते, हे मोजावे आणि आपल्या नावाने हरकत दाखल करावी. मार्गदर्शकाने प्रबंध तपासायला उशीर केला तरी चालेल. महावितरणला त्या हरकतीला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि आयोगाला आपल्या आदेशात दोन्हींची नोंद घ्यावी लागते.